दारफाळणीचा सण आणि मुलांची दूरचित्रवाणी

दिल्लीस बदलून आलेल्या मराठी अधिकाऱ्यास कोपर्निकस मार्ग कोठे, हे सांगावे लागत नाही. जुने महाराष्ट्र सदन ह्याच रस्त्यावर आहे, आणि दूरदर्शन भवनही ह्याच रस्त्यावर. आम्ही येथून जातायेता एकच विचार करीत असतो: आमच्या मुलांस शेजाऱ्यांचे सण कोणी शिकविले? शाळेने थोडे, घराने त्याहून थोडे, आणि बरेचसे ह्या इमारतीने.

दिल्लीत दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाली, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुढे मुंबईच्या ‘किलबिल’मुळे मराठी मुलांस आपल्या भाषेतला कार्यक्रम मिळाला. सरकारी प्रक्षेपणाच्या आचारसंहितेत कोणत्याही धर्मावर वा जमातीवर टीका वर्ज्य आहे. फाळणी पाहिलेल्या देशाने ही खबरदारी घेतली, ह्यात नवल नाही. परंतु टीका टाळता टाळता कथाही टळते, आणि सणाचा उरतो तो पोषाख, मिठाई व शुभेच्छा. मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे ह्यांचा १९७४ मधील ‘एक अनेक और एकता’ हा बोधपट अनेक पिढ्यांस पाठ आहे. त्यात ऐक्य सांगितले आहे ते जाळ्यासकट उडणाऱ्या पक्ष्यांच्या गोष्टीने. सण तेथे नाहीच. बोधपट सुंदर आहे. पण पक्ष्यांना पंचांग नसते. १९८७ साली रामायण मालिका आली आणि धार्मिक कथा रविवारी सकाळी घरोघर शिरली. ती मुलांसाठी म्हणून नव्हती, तरी मुलांनी ती पाहिली. तिच्या तोलाची कथा इतरांच्या वाट्यास आली नाही.

अमेरिकेतील गोष्ट निराळी, तरी तिच्यातही एक मेख आहे. ‘रगरॅट्स’ ह्या बालमालिकेने १९९५ साली पेसाहचा आणि १९९६ साली हनुक्काचा खास भाग दाखविला. पेसाहच्या भागात माळ्यावर अडकलेले आजोबा मुलांस इजिप्तमधील दास्याची व सुटकेची कथा सांगतात. आम्हांस हा भाग आदर्श वाटतो. पण एकंदर पडद्यावर मान मिळाला तो हनुक्कालाच. धर्मदृष्ट्या हा सण दुय्यम. तो नाताळच्या आसपास येतो, एवढेच त्याचे भाग्य. बहुसंख्यांच्या पंचांगात जो सण बसेल तो मोठा, हा नियम दोन्ही देशांत सारखाच.

आणि आमच्या कोकणातील बेने इस्रायलांस तर पूर्वी हनुक्का ठाऊकच नव्हता, असे हाईम सॅम्युएल केहिमकर ह्यांनी नमूद केले आहे. १८९७ मध्ये लिहिलेला त्यांचा इतिहास १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. त्यात सणांची जी जुनी नावे आहेत, ती वाचून कोणाही मराठी माणसाचे मन हलावे. योम किप्पूर म्हणजे ‘दारफाळणीचा सण’: त्या दिवशी दारे लावून, शुभ्र वस्त्रे नेसून, उपवास करून घरात राहावयाचे. पेसाह म्हणजे ‘अनाशी ढाकायचा सण’: आंबट रसाचे मडके झाकून ठेवावयाचे, कारण आंबविलेले त्या दिवसांत निषिद्ध. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन म्हणजे ‘बिरड्याचा रोजा’. शिवाय ‘खिरीचा सण’, ‘नव्याचा सण’, आणि पुरीमला तर चक्क ‘होळीचा सण’. रोजा शब्द मुसलमान शेजाऱ्याचा, होळी हिंदू शेजाऱ्याची, बिरडे सर्व कोकणाचे. सर्वधर्मसमभावाचे व्याख्यान न देता जे सांगता आले असते, ते ह्या नावांतच सांगून झाले आहे.

ही नावे मुलांच्या कानी घालण्यास दूरचित्रवाणी उशिरा आली, हेही खरे. १९४८ नंतर ह्या समाजातील बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. मुंबई केंद्र उघडले तेव्हा अलिबागकडच्या गावांतील त्यांची घरे ओस पडू लागली होती. महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ साली. इस्रायलमध्ये मात्र ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघत आले आहे. दिल्लीत हुमायून मार्गावर १९५६ चे जूदा हयाम सिनेगॉग आहे. दूरदर्शन भवनापासून ते फार दूर नाही.

पेसाहच्या रात्री घरातील सर्वांत लहान मुलाने प्रश्न विचारावयाचे असतात: ही रात्र इतर रात्रींहून निराळी का? मुलांच्या कार्यक्रमास ह्याहून तयार संहिता कोणती मिळणार? मूल विचारते, आणि कोकणातली आजी मडक्यावर झाकण ठेवीत मराठीत उत्तर देते.