जामीन कोण राहणार?

मराठीत कायदा आणि कचेरीचे कितीतरी शब्द फार्सी-अरबीतून आले. फिर्याद, वकील, कैद, सजा, गुन्हा. यातला 'गुन्हा' मूळचा 'गुनाह'. तिकडे त्याचा पहिला अर्थ पाप. पापाचा हिशेब देवाशी असतो आणि मनापासून तोबा केली तर तो मिटतो, असे मानतात. मराठीत आल्यावर हा शब्द पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत जाऊन बसला आणि हिशेब मिटण्याची सोय मागे राहिली. असाच दुसरा शब्द 'जामीन'. आज जामीन म्हणजे कोर्टातून मिळणारी सुटका. पण मुळात जामीन म्हणजे दुसऱ्याची हमी घेणारा माणूस. 'मी त्याला जामीन राहतो' असे आपण आजही म्हणतो. मला आज या माणसाबद्दल बोलायचे आहे. तुरुंगातून सुटून आलेल्याला कामाच्या दारात जामीन कोण राहणार?

हा प्रश्न बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात रोजचा आहे. इथे रसायने, औषधे, कापड, पोलाद यांचे कारखाने आहेत. शेजारी १९६९ पासून वीज देणारे अणुऊर्जा केंद्र आहे. पालघर, डहाणू, विक्रमगडचे आदिवासी आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे कामगार याच पट्ट्यात पोट भरायला येतात. काम बहुधा ठेकेदारामार्फत मिळते. आधार कार्ड द्या, बँकेचे पासबुक द्या आणि पुष्कळ ठिकाणी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखलाही आणा. हाणामारीच्या केसमध्ये सहा महिने काढून आलेला फिटर या तिसऱ्या कागदाशी अडतो. त्याच्या हातातली कला कोणी तपासत नाही. तो परत जातो, आणि कुठे जातो हे कोणी विचारत नाही.

तुरुंग पाहिलेली माणसे पालघरला काही नवीन नाहीत. १४ ऑगस्ट १९४२ रोजी इथे मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या काळच्या सरकारी कागदांत ते कायदा मोडणारे होते, आज त्यांच्या नावाचा चौक आहे. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला वारल्यांवर गोळीबार झाला. वेठबिगारीविरुद्ध उठलेल्या कितीतरी वारल्यांवर खटले भरले गेले. त्यांच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांना जिल्ह्यातून हद्दपार केले गेले. चोरी करून आत गेलेला माणूस आणि हे लोक एका रांगेचे, असे मला म्हणायचे नाही. पण पोलिसांच्या वहीतली ओळ माणसाबद्दल सगळे सांगत नाही, हे निदान या जिल्ह्याला तरी ठाऊक असायला हवे.

गुन्ह्याचा शिक्का असलेल्यांना काम देण्याचे दोन मोठे प्रयोग महाराष्ट्रात झाले. पहिला सोलापूरचा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिशांनी काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. पुढे त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांतली सोलापूरची वसाहत 'सेटलमेंट' म्हणून ओळखली जाते. तिथल्या बायाबापड्यांना गिरण्यांत कामाला पाठवत. म्हणजे रोजगार होता, पगार होता, पण हजेरीही होती आणि कुंपणही होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. शिक्का मात्र गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा कायदा जाऊन छत्तीस वर्षे झाली होती, तरी त्या पुस्तकातले जगणे वाचकांना जुने वाटले नाही. सोलापूरचा धडा असा, की नुसते काम देऊन भागत नाही. पहाऱ्याखाली दिलेले काम माणसाला कामगार बनवते, पण गुन्हेगार म्हणून त्याची ओळख तशीच ठेवते.

दुसरा प्रयोग औंध संस्थानातला. आटपाडीजवळ १९३९ साली स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची मुक्त वसाहत सुरू झाली. राजे होते भवानराव पंतप्रतिनिधी. कल्पनेच्या मागे होते मॉरिस फ्रीडमन, पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू इंजिनियर. हे गृहस्थ भारतात आले ते बंगलोरच्या सरकारी विजेच्या कारखान्याचे काम पाहायला. म्हणजे कामगारांकडून काम करून घेणे हा त्यांचा पेशाच होता. पुढे ते गांधीजींच्या विचारांकडे वळले आणि 'भारतानंद' झाले. स्वतंत्रपुरात कैद्यांनी उघड्यावर शेती करायची होती. पळून जायला वाट मोकळी होती. कोणी पळाला असता तर त्याचे उत्तर राजाला आणि फ्रीडमनना द्यावे लागले असते. दोघांनी ती जोखीम आपल्या अंगावर घेतली. जामीन राहणे म्हणतात ते हेच.

याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि १९५७ साली व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' आला. बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पडद्यावरचे सहा कैदी भाजी पिकवतात आणि बाजारात रास्त भावाने विकतात, तेव्हा व्यापारी त्यांच्यावर चालून येतात. मला त्या चित्रपटातली ही जागा सर्वांत खरी वाटते. माणूस सुधारला तरी बाजार त्याला सहज जागा देत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५८ च्या परिविक्षा कायद्याचे बारावे कलम सांगते, की या कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीवर सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याने अल्पवयीन मुलांनाही अशीच सवलत दिली आहे. सोळा वर्षांपुढच्या ज्या मुलांवर गंभीर गुन्ह्यासाठी प्रौढांसारखा खटला चालून दोष सिद्ध होतो, ती यातून वगळली आहेत. २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की उमेदवाराने खरी माहिती द्यावी. पण तरुणपणीच्या घोषणाबाजीसारख्या किरकोळ गोष्टीकडे मालकाला दुर्लक्ष करता येईल. नेमणूक करायलाच हवी, अशी सक्ती मात्र त्यात नाही. आणखी एक आकडा ध्यानात ठेवावा. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत असलेल्या दर चार कैद्यांमागे तीन जण कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. आपल्या बोलण्यात मात्र ते सगळे 'जेलात जाऊन आलेले'च ठरतात.

इतर देशांनीही यातून वाट काढली आहे. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्याने ठरावीक काळ सरळ वागलेल्या माणसाची जुनी शिक्षा बहुतेक नोकऱ्यांपुरती संपलेली मानली जाते. अमेरिकेत हवाई राज्याने १९९८ साली ठरवले, की गुन्ह्याचा प्रश्न अर्जाच्या पहिल्याच पानावर विचारायचा नाही, आधी माणूस पाहायचा. ब्रिटनमधली टिम्पसन ही कंपनी बूट दुरुस्त करते आणि किल्ल्या बनवते. किल्ल्या बनवणाऱ्या या दुकानांत तुरुंगातून आलेली माणसे नोकरीला आहेत! तिचे प्रमुख जेम्स टिम्पसन २०२४ साली तिथले तुरुंगमंत्री झाले. आपल्याकडे टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून हेच काम करतो आहे. तुरुंगातून सुटलेल्यांना आधी एखाद्या सामाजिक संस्थेत उमेदवारी द्यायची आणि कामाची सवय झाली की नोकरीकडे न्यायचे, अशी त्याची रीत आहे. राजा आणि फ्रीडमन यांची जागा इथे संस्थेने घेतली.

कारखानदाराची भीती खोटी नाही. रसायनांच्या गोदामाची किल्ली कोणाच्याही हाती देता येत नाही, अणुऊर्जा केंद्रात पडताळणी हवीच. पण दारूच्या नशेत मारामारी केलेल्याला पॅकिंगच्या टेबलावर बसवायला कसली हरकत? गुन्हा आणि काम यांचा संबंध तरी पाहावा. केस चालू आहे की शिक्षा झाली, हे विचारावे. किती वर्षे झाली, हे विचारावे. आणि हे सगळे गेटवरच्या शिपायाने नव्हे, तर काम पाहून झाल्यावर समोर बसवून विचारावे.

आपल्याकडे परिविक्षा अधिकारी आहेत, सामाजिक संस्था आहेत, तारापूरला उद्योजकांची संघटनाही आहे. यांनी एकत्र बसून वर्षाला दहा माणसे जरी ठरवली आणि प्रत्येकामागे पहिले सहा महिने एक जबाबदार माणूस उभा केला, तरी सुरुवात होईल. काही बिनसले तर मालकाने फोन कोणाला करायचा, हे त्याला माहीत हवे. स्वतंत्रपुरात ती सोय होती. औंधसारख्या लहानशा संस्थानाला जे १९३९ साली जमले, ते एवढ्या मोठ्या औद्योगिक पट्ट्याला जमू नये असे काही नाही.