खिडकीपाशी बसलेला रेम्ब्राँ

आम्हा इतिहासाच्या मास्तरांचा कागदपत्रांवर फार विश्वास. हॉलंडचा चित्रकार रेम्ब्राँ याच्याविषयी दफ्तरांत पुष्कळ सापडते. १६३९ साली त्याने ॲमस्टरडॅममध्ये १३,००० गिल्डरांना मोठे घर घेतले. १६४२ साली पत्नी सास्किया वारली. १६५६ साली त्याचे दिवाळे निघाले. पण हा माणूस स्वतःकडे कसा पाहत होता, हे कोणते दफ्तर सांगणार? त्यासाठी त्याची एचिंगच पाहिली पाहिजेत.

एचिंग म्हणजे काय? तांब्याच्या पत्र्यावर मेण-राळेचा पातळ लेप द्यायचा नि त्यावर सुईने रेखाटायचे. पत्रा आम्लात ठेवला, की लेप खरवडला असेल तेवढेच तांबे आम्ल खाते. त्या खाचांत शाई भरून ओलसर कागदावर ठसा घ्यायचा. मऊ लेपावर सुई लेखणीसारखी सहज फिरते. म्हणून हाताची लहर रेषेत जशीच्या तशी उतरते.

आता त्याने काढलेली स्वतःची दोन चित्रे शेजारी ठेवा. पहिले १६३९ चे. राफाएलने रंगवलेले कास्तिल्योने या सरदाराचे चित्र त्याच वर्षी ॲमस्टरडॅमला लिलावात आले होते आणि रेम्ब्राँने त्याचे टिपण करून घेतले होते. ती सरदारी ऐट इथे उतरली आहे. तिरकी टोपी, मोकळे केस, दगडी कठड्यावर टेकलेली फुगीर बाही! रेषाही तशीच, डौलाने वळणे घेणारी.

दुसरे १६४८ चे. घराचे पैसे अजून फिटलेले नाहीत. साध्या कपड्यांत तो खिडकीपाशी कामाला बसला आहे. खोलीतला काळोख आडव्याउभ्या रेषांच्या दाट जाळीतून विणलेला. काही ठिकाणी सुई थेट तांब्यावर चालवली आहे. तिथे ओरखड्याच्या कडेला उठलेला कीस शाई धरतो आणि अंधार मखमली होतो. उजेडातल्या चेहऱ्यावर मात्र रेषा विरळ, जपून टाकलेल्या. सुरुवातीच्या ठशांत खिडकीही कोरीच आहे. बाहेरचा देखावा नंतरच्या ठशांत आला. म्हणून आपले लक्ष त्या दोन डोळ्यांवरून हलत नाही.

त्या डोळ्यांत पत्नीचे दुःख आहे, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तसे म्हणणे सोपे असते. मला दिसतो तो फरक एवढाच : पहिल्या चित्रात तो दिसायला बसला आहे, दुसऱ्यात पाहायला. समोर आरसा असणार. आज त्या आरशाच्या जागी आपण उभे असतो. आणि इतक्या निर्भीड नजरेला नजर देणे, खरे सांगतो, जड जाते.