काळजाला हात घालताना

खाटकाकडे काळीज मागितले तर तो यकृत देतो. आई लेकराला ‘काळजाचा तुकडा’ म्हणते, तेव्हा मात्र तिच्या मनात हृदय असते. आज आपल्याला पहिल्या काळजाची गोष्ट पाहावयाची आहे.

माणसाचे यकृत उजव्या बरगड्यांखाली असते. वजन सुमारे दीड किलो. पण दर मिनिटाला त्यातून सुमारे दीड लिटर रक्त वाहते! शिवाय ते इतके मऊ की टाका घालून दोरा ओढावा, तर मांसच फाटते. म्हणून शस्त्रवैद्य त्याला हात लावायला कचरत. 1888 च्या सुमारास बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनी ठरवून यकृताचा एक भाग कापून काढला. त्यानंतर रक्त वाहू लागल्याने पोट पुन्हा उघडावे लागले. पण रोगी वाचला.

खरी अडचण रक्ताची होती. शेतात पाणी जास्त झाले तर आपण काय करतो? पाटाचे तोंड बंद करतो. ग्लासगोच्या जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी 1908 मध्ये हेच सुचवले. यकृताकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या एकाच ठिकाणाहून आत शिरतात. तेथे चिमटा घेतला की ओघ थांबतो. थोडा वेळच बरे का, कारण यकृताला रक्ताविना फार काळ ठेवता येत नाही.

मग नकाशा मिळाला. फ्रान्सच्या क्लोद क्विनो यांनी 1957 च्या ग्रंथात यकृताचे आठ खंड दाखवले. प्रत्येक खंडाला रक्ताची स्वतंत्र वाट. शेताचे बांध कळले म्हणजे शेजाऱ्याच्या पिकाला धक्का न लावता आपला तुकडा नांगरता येतो, तसेच हे.

इथवर पोट मोठे उघडावेच लागे. 1985 मध्ये जर्मनीत एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढले, आणि 1990 नंतरच्या दशकात तीच वाट यकृताकडे वळली. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करावयाची, लहान छिद्रांतून दुर्बीण आणि लांब दांड्यांची हत्यारे घालावयाची. वायूच्या दाबाने शिरांतून झिरपणारे रक्तही कमी होते. कापलेला भाग पिशवीत घालून छोट्या छेदातून बाहेर काढतात.

आता तुलना करू. उघड्या शस्त्रक्रियेत हाताला स्पर्श मिळतो, आणि रक्त उसळले तर बोट ठेवता येते. पण जखम मोठी. दुर्बिणीत जखम लहान, पण हत्यारे सरळ, मनगटासारखी वळत नाहीत. यंत्रमानवाच्या हत्याराला मनगट असते, आणि वैद्याच्या हाताचा कंप त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पण यंत्र महाग, आणि दुर्बिणीपेक्षा ते सर्वच बाबतींत सरस आहे असे सिद्ध झालेले नाही.

नॉर्वेतील ओस्लो येथे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठी यकृतात पसरलेले 280 रोगी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. 2018 मध्ये निष्कर्ष आला. उघड्या शस्त्रक्रियेनंतर शंभरांतील 31 जणांना त्रास झाला, दुर्बिणीनंतर 19 जणांना. रुग्णालयातला मुक्काम 96 तासांवरून 53 तासांवर आला. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखेच निघाले. म्हणजे दुर्बिणीने आयुष्य वाढले नाही. दुखणे आणि खाटेवरचे दिवस कमी झाले. मोलमजुरी करणाऱ्या घराला हेही थोडे नाही.

पण एक गोष्ट गाठीला बांधा. छिद्र लहान म्हणून शस्त्रक्रिया लहान होत नाही. 2008 मध्ये अमेरिकेतील लुइव्हिल येथे जमलेल्या तज्ज्ञांनी हेच बजावले, की मोठे भाग काढण्याचे काम अनुभवी हातांनीच करावे. घरात कोणावर असा प्रसंग आला तर ‘छिद्रे किती?’ एवढेच विचारू नका. गाठ कोणत्या खंडात आहे, अशा शस्त्रक्रिया आपण किती केल्या आहेत, हे डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्ट विचारा. आणि मध्येच दुर्बीण बाजूला ठेवून त्यांनी पोट उघडले, तर ते अपयश समजू नका. त्यात शहाणपणच असते.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी मुलांना आणखी एक नवल सांगावे. निरोगी यकृताचा मोठा भाग काढला तरी उरलेला भाग काही आठवड्यांत वाढून बहुतेक भर काढतो. त्यामुळेच जिवंत माणूस आपल्या यकृताचा हिस्सा दुसऱ्याला देऊ शकतो. लहान मुलाला देण्यासाठी असा हिस्सा दुर्बिणीने काढल्याचे फ्रान्समधल्या वैद्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केले. काळजाचा तुकडा हा शब्द तेथे अक्षरशः खरा झाला.