मॉरिशस : स्थलांतरितांचे समाजजीवन

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला असलेल्या या बेटावर मूळ रहिवासी असे कोणी नव्हतेच. डच १५९८ मध्ये उतरले आणि १७१० मध्ये निघून गेले. १७१५ पासून फ्रेंचांची आणि १८१० पासून ब्रिटिशांची सत्ता आली. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. आजच्या सुमारे साडेबारा लाख लोकांपैकी प्रत्येकाचे पूर्वज समुद्रावरून आलेले आहेत. त्यामुळे ‘आम्ही इथले, तुम्ही बाहेरचे’ हा वाद येथे फार पुढे जाऊ शकत नाही.

मात्र आलेले सारे स्वखुशीने आले नव्हते. फ्रेंच मळेवाल्यांनी मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, तेव्हा उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर, म्हणजे गिरमिटिये, आणण्याची सोय आधीच झालेली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी पहिली तुकडी पोर्ट लुई बंदरात उतरली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय तेथे पोचले. बहुतेक भोजपुरी मुलखातले, कलकत्त्याहून आलेले. तमिळ व तेलुगू मद्रासहून, मराठी मुंबईहून. मजुरांची नोंद होत असे ते आप्रवासी घाट हे ठिकाण २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. पळालेल्या गुलामांनी ज्याच्या आश्रयाने स्वातंत्र्य जपले, त्या ल मोर्न डोंगराला हा मान २००८ मध्ये मिळाला. मॉरिशसच्या विविधतेचे गोडवे गाताना तिच्या मुळाशी असलेली ही सक्ती विसरता येत नाही.

या घुसळणीतून निघालेली सर्वांत मोठी सामाईक मिळकत म्हणजे क्रिओल भाषा. मळेवाल्यांची फ्रेंच गुलामांच्या तोंडी बदलून ती घडली. पुढे भोजपुरी, तमिळ, चिनी सगळ्यांनीच ती आपली केली. राज्यकर्त्यांची इंग्रजी कारभारात राहिली, फ्रेंच वर्तमानपत्रांत, पण घरात, बाजारात आणि भांडणात क्रिओलच. प्राथमिक शाळेत तिला ऐच्छिक विषयाचे स्थान मिळाले ते मात्र २०१२ मध्ये. गुलामांचे सेगा हे गीतनृत्य, त्यातल्या राव्हान या डफासारख्या वाद्यासह, आज साऱ्या देशाचे मानले जाते. युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत ते २०१४ मध्ये आले आणि भोजपुरी बायकांचे लग्नघरचे गीत-गवाई २०१६ मध्ये. डाळ भरलेली ढोल पुरी रस्त्यावर उभे राहून सगळेच खातात. तिच्याशेजारी तळलेल्या चिनी शेवयांची गाडी असते. महाशिवरात्र, काव्हडी, उगादी, ईद, चिनी नववर्ष आणि नाताळ या सगळ्यांना सार्वजनिक सुट्टी असते.

मराठी भाषकांचा समाज लहान आहे. गणेशचतुर्थीची देशभर मिळणारी सुट्टी ही त्याची ठळक खूण. कोकणातली जाखडी तेथे ‘झाकरी’ म्हणून टिकून आहे. सरकारी शाळांत मराठी ऐच्छिक विषय म्हणून शिकता येते. घरची बोली मात्र बहुतांशी क्रिओल झाली आहे.

या सरमिसळीला आर्थिक बाजूही आहे. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ च्या सुमारास या देशाचे भवितव्य निराशाजनक ठरवले होते : उसावरची भिस्त, वाढती लोकसंख्या आणि जमातींमधले ताण. हा होरा चुकला. चिनी वंशाचे प्राध्यापक एडुआर लिम फॅट यांनी निर्यात उद्योगक्षेत्राचा आग्रह धरला, त्यासाठीचा कायदा १९७० मध्ये झाला आणि हाँगकाँगचे भांडवल कापडउद्योगात आले. चिनी मॉरिशियनांचे पूर्वेकडचे लागेबांधे त्यात उपयोगी पडले. परकी नाती जपणारा नागरिक देशाला कसा उपयोगी पडतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

तरीही सलोखा आपोआप टिकलेला नाही. स्वातंत्र्याच्या तोंडावर, जानेवारी १९६८ मध्ये, पोर्ट लुईत क्रिओल (मुख्यतः गुलामांचे वंशज) व मुस्लिम जमातींत दंगली झाल्या. फेब्रुवारी १९९९ मध्ये सेगा आणि रेगे यांचा मेळ घालणारा लोकप्रिय गायक काया पोलीस कोठडीत मरण पावला आणि देश पुन्हा पेटला. क्रिओल समाजातील मागासलेपणाची जखम त्या वेळी उघडी पडली. उसाच्या जमिनीची मोठी मालकी अजूनही जुन्या फ्रेंच घराण्यांकडे आहे.

जमातींमधल्या या ताणांवर राज्यघटनेने काढलेला उपाय वादग्रस्त ठरला आहे. संसदेत ६२ सदस्य निवडून येतात; त्यांशिवाय जमातींचा तोल साधण्यासाठी पराभूत उमेदवारांमधून आठपर्यंत जागा भरता येतात. घटनेच्या वर्गवारीत हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि उरलेले सर्व ‘सामान्य लोकसंख्या’ असे चार गट आहेत. अल्पसंख्याकांना या व्यवस्थेने धीर दिला हे खरे. पण मिश्र कुटुंबातल्या माणसाला ती एका चौकटीत कोंबते. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही उमेदवाराला जमात जाहीर करायला लावण्यावर आक्षेप घेतला. १९७२ नंतरच्या जनगणनांत जमातीचा प्रश्न विचारलेला नाही. आठ जागांचा हिशेब मात्र त्याच जुन्या आकड्यांवर होत आला आहे.