ट्रक कॅम्परसाठी पिकअपचे सस्पेन्शन

पिकअपच्या हौद्यात बसवता येणाऱ्या आणि हवा तेव्हा उतरवून ठेवता येणाऱ्या राहण्याच्या खोलीला अमेरिका-कॅनडात ट्रक कॅम्पर म्हणतात. आपल्याकडच्या बोलेरो कॅम्परशी तिचा संबंध नाही. बोलेरो कॅम्पर ही केवळ दोन रांगांची केबिन असलेली पिकअप आहे. ट्रक कॅम्परमध्ये पलंग, शेगडी, फ्रिज, पाण्याची टाकी, गॅसच्या टाक्या आणि बहुधा संडासही असतो. कापडी भिंतींचे, छत वर उचलले जाणारे कॅम्पर साधारण ५०० ते ९०० किलोंचे असतात. पक्क्या भिंतींचे आणि बाजूला सरकणारा कप्पा असलेले कॅम्पर दीड-दोन टनांपर्यंत जातात.

रेती किंवा सिमेंटची पोती हौद्याच्या तळाशी बसतात आणि मुक्कामी पोचल्यावर उतरतात. कॅम्पर मात्र उंच असतो, त्याचा गुरुत्वमध्य हौद्याच्या कठड्याच्याही वर जातो, बाजूचा वारा त्याच्यावर आपटतो आणि कित्येक मालकांच्या गाडीवर तो महिनोन्‌महिने चढलेलाच राहतो. गाडीचे मूळ सस्पेन्शन रिकामी गाडीही सुखाने चालावी अशा तडजोडीने बांधलेले असते. कॅम्पर चढला की त्या तडजोडीची दुबळी बाजू उघडी पडते.

निवड सुरू होते ती दारात. चालकाच्या दाराच्या खांबावरील पट्टीत गाडीचे कमाल एकूण वजन, प्रत्येक अ‍ॅक्सलची मर्यादा आणि टायरचा दाब दिलेला असतो. वहनक्षमतेची पट्टी जवळच असते. अमेरिकेच्या संघराज्यीय नियमानुसार (४९ सीएफआर ५७५.१०३) कॅम्परचे वजन किती चालेल आणि त्याचा गुरुत्वमध्य हौद्याच्या कोणत्या टप्प्यात पडावा, हे पिकअपच्या उत्पादकाने सांगायचे असते. कॅम्परच्या उत्पादकानेही आपल्या मालावर वजनाची पट्टी लावायची असते. जाहिरातीतले ‘कोरडे’ वजन मात्र पाणी, गॅस, जास्तीची साधने आणि माणसे वगळून असते. नुसते पाणीच लिटरला एक किलो भरते. ‘हाफ-टन’, ‘वन-टन’ ही नावे जुन्या काळापासून चालत आली आहेत. एफ-१५० किंवा एफ-३५० सारखी पिकअप खरोखर किती वाहते, हे त्या-त्या गाडीची पट्टीच सांगते. गुरुत्वमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे हवा. तो मागे गेला तर पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग सैल लागते, आणि हा दोष कोणत्याही स्प्रिंगने बरा होत नाही.

त्यानंतर वजनकाटा. अमेरिकेतील ट्रक थांब्यांवर कॅट स्केलचे काटे असतात (ही कंपनी १९७७ पासून आयोवातील वॉलकॉट येथून चालते); तेथे पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचे वजन वेगवेगळे मिळते. टाक्या भरून, माणसे बसवून, कुत्र्यासकट गाडी तोलावी. एवढे केल्याशिवाय सुट्या भागांची यादी करणे म्हणजे अंदाजाने पैसे घालवणे.

टायर हा सस्पेन्शनचाच भाग मानावा. डोलण्याच्या कितीतरी तक्रारी टायरच्या मऊ भिंतींतून येतात आणि दोष बिचाऱ्या स्प्रिंगवर जातो. एलटी२४५/७५आर१६ आकाराचा, लोड रेंज ई दर्जाचा टायर ८० पीएसआय दाबाला एकेरी चाकावर ३,०४२ पौंड, म्हणजे सुमारे १,३८० किलो पेलतो. मागचा अ‍ॅक्सल काट्यावर २,७६० किलोंच्या आसपास भरत असेल, तर ही जोडी आपल्या हद्दीला टेकली असे समजावे. मागे चार चाकांची ‘ड्युअली’ घेण्यामागे वजनाइतकेच बाजूच्या स्थैर्याचेही कारण असते.

यापुढचा प्रश्न गाडी नेमके काय करते हा. मागून बसते, वळणावर कलते, उंचवट्यानंतर हेलकावत राहते, की खड्ड्यात तळाशी धडकते? प्रत्येकाचे औषध वेगळे आहे.

हवेच्या पिशव्या (एअर बॅग) सर्वांत लोकप्रिय. फायरस्टोन आणि एअर लिफ्ट ही नावे वारंवार ऐकू येतात. मूळ स्प्रिंगच्या जोडीला, चासी आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये त्या बसतात. दाब कमी-जास्त करून गाडी समतल करता येते. एअर लिफ्टच्या प्रचलित संचात रिकाम्या गाडीतही किमान ५ पीएसआय ठेवावे लागते आणि कमाल १०० भरता येते. बसणाऱ्या गाडीला हा उत्तम उपाय आहे. पण खरेदी करताना बहुतेक जण पहिल्यांदा याच्याकडेच वळतात आणि डोलणेही थांबेल अशी आशा धरतात, ते चूक. पिशव्या चाकांपासून आत, चासीच्या जवळ असल्याने बाजूच्या कलाला त्यांचा विरोध मर्यादित असतो. दोन्ही पिशव्या एकाच नळीला जोडल्या असतील तर वळणावर दाबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला पळते आणि गाडी उलट जास्त कलते. म्हणून दोन नळ्या स्वतंत्र ठेवाव्यात. कॅम्परमध्ये फ्रिज आणि पाणी एका बाजूला आले असले, तर त्यामुळे दोन बाजूंना वेगळा दाबही भरता येतो. मूळ कमानपाट्यांची (लीफ स्प्रिंगची) टोके जिथे चासीला जोडलेली असतात तिथून भार वाटला जातो. पिशवी मात्र तो अ‍ॅक्सलच्या वर एकाच जागी देते. ऑस्ट्रेलियात मागे लांब बाहेर आलेल्या भाराखाली दुहेरी केबिनच्या पिकअपची चासी वाकण्याचा धोका यामुळे वारंवार चर्चेत येतो.

जड पिकअपमध्ये कमानपाट्यांच्या वर एक जाड ‘ओव्हरलोड’ पाटा असतो. तो चासीवरील थांब्याला टेकला की भार घेऊ लागतो. कॅम्परखाली तो कधी टेकतो, कधी सुटतो, आणि त्या मधल्या पोकळीत गाडी डोलते. टॉर्कलिफ्टच्या ‘स्टेबललोड’सारखे ठोकळे ती पोकळी भरून काढतात, म्हणजे पाटा लवकर कामाला लागतो. माझ्या मते डोलण्यावर पैशाच्या मानाने हा सर्वांत चांगला उपाय आहे, पण गाडीला पाटे असतील तरच. रॅम २५०० ला २०१४ पासून मागे कॉइल स्प्रिंग आहेत. तिथे हा मार्ग बंद.

टिंब्रेनचे पोकळ रबरी स्प्रिंग मूळ बंप स्टॉपच्या जागी बसतात. हवा भरायची नाही, नळी फुटायची नाही. बसणे आणि तळाशी धडकणे त्यांनी कमी होते. उंची मात्र मनाप्रमाणे बदलता येत नाही. जास्तीचा पाटा घालण्याची रीत महाराष्ट्रातल्या ट्रकवाल्यांनाही ठाऊक आहे. कॅम्पर कायम चढलेला असेल तर ती योग्य. उतरवल्यावर रिकामी गाडी हाडे खिळखिळी करते.

कलण्यावर थेट उपाय म्हणजे जाड अँटी-स्वे बार. हेलविगचा ‘बिग विग’ या कामासाठी प्रसिद्ध आहे. पिळाला विरोध व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो, म्हणून दांडा फक्त १० टक्के जाड झाला तरी तो सुमारे ४६ टक्के कडक होतो. बार भार उचलत नाही. बसलेली गाडी बसलेलीच राहते. शॉक अ‍ॅब्झॉर्बरही वजन पेलत नाहीत, हेलकावे शोषतात. वजन आणि स्प्रिंगचा कडकपणा दोन्ही वाढले की मूळ शॉक अपुरे पडतात. तिथे बिलस्टीन ५१०० किंवा नऊ टप्प्यांत जुळवता येणारे रँचो ९००० उपयोगी पडतात. रँचोचा खटका कॅम्पर उतरवल्यावर मऊ करता येतो.

यातल्या कोणत्याही भागाने अमेरिकेत गाडीची ठरलेली वजनमर्यादा वाढत नाही. ब्रेक, अ‍ॅक्सल, बेअरिंग आणि चाके तीच राहतात. ऑस्ट्रेलियात मान्यताप्राप्त संच आणि प्रमाणपत्रासह कमाल वजन कायदेशीर वाढवण्याची ‘जीव्हीएम अपग्रेड’ ही सोय आहे. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधने घालते; परदेशातून संच मागवण्याआधी आरटीओत विचारावे.

बदल एकेक करावेत आणि प्रत्येकानंतर तोच रस्ता, तोच भार ठेवून गाडी चालवून पाहावी. तीन भाग एकदम बसवले की गुण कशाने आला ते कळत नाही. पाट्यांचे यू-बोल्ट सोडले असतील तर काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. गाडी समतल झाली की हेडलाइटचा झोतही नव्याने जुळवावा लागतो.