घड्याळाची हजेरी

बरेच दिवस काही लिहिलं नाही. आमच्या सूनबाई म्हणतात, "बाबा, ब्लॉगवर धूळ बसली." आज झटकतो. विषय ऐकून हसू नका. मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस लिनक्सच्या कर्नेलवर लिहितो आहे!

झालं असं, की इथे पारशिवनीत एका शाळेत टोल द्यायला रूळाचा तुकडा होता. नातू सुट्टीत आला होता. मीच त्याला म्हटलं, शाळेला आपोआप वाजणारी घंटा करून दे. त्याने रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक (हा २०१२ मध्ये बाजारात आला) भोंग्याला जोडला. महिनाभर छान चाललं. मग एका दुपारी लाइन गेली. पंधराच मिनिटं गेली, पण शेवटची घंटा पंचवीस मिनिटं उशिरा झाली, आणि पाच मुलींची गावाकडची एसटी चुकली. अंधार पडल्यावर त्यांचे वडील मोटारसायकली घेऊन आले. त्यांच्यापुढे मान खाली घालून मीच उभा होतो, कारण हट्ट माझा होता.

नातू म्हणाला, "आबा, याच्यात सेलवर चालणारं घड्याळ नसतं." इंटरनेट असेल तर तो वेळ विचारून घेतो. नसेल तर शेवटची नोंदलेली वेळ धरून पुढे चालतो. ती नोंद वीज जायच्या दहा मिनिटं आधीची होती. दहा आणि पंधरा, पंचवीस. (२०२३ च्या नव्या पायमध्ये घड्याळ आहे म्हणे, शाळेतला जुना.)

मग त्याने डीएस३२३१ नावाची घड्याळाची चिप आणली, चपटा सेल असलेली. ती ज्या तारांवर बसते त्यांना आय-टू-सी बस म्हणतात. बस म्हणजे एसटी नव्हे, अनेक उपकरणांनी मिळून वापरायचा तारांचा रस्ता. हा रस्ता फिलिप्स कंपनीने १९८२ च्या सुमारास काढला, टीव्हीच्या आतल्या चिपांना एकमेकींशी बोलता यावं म्हणून. तारा दोनच, एक माहितीची आणि एक ठेक्याची. पत्ते जेमतेम शंभरावर. स्वस्त आणि मस्त. पण या रस्त्यावर हजेरी देण्याची पद्धत नाही. यूएसबीचा पेनड्राइव्ह खोचला की तो स्वतःच "हजर सर" म्हणतो, आपली कंपनी कोणती, आपण कोण, सगळं सांगतो. पीसीआय कार्डाचंही तसंच. आय-टू-सीवरची चिप मात्र नाव विचारलं तरी सांगत नाही. ती कोण आणि कुठल्या बाकावर बसली आहे, हे कर्नेलला कुणीतरी सांगावं लागतं.

ते सांगायचं कसं? इथे मला गंमत वाटली. नातवाने एक फाइल दाखवली, तिचं नाव 'न्यू डिव्हाइस'. तिच्यात त्याने एक ओळ लिहिली: चिपचं नाव आणि पत्ता ६८ (सोळाच्या पटीतला, आपल्या हिशोबात १०४). एवढ्याने कर्नेलने घड्याळ पटावर घेतलं. 'डिलीट डिव्हाइस' नावाची दुसरी फाइल आहे, तिच्यात पत्ता लिहिला की नाव कमी. आमच्या शाळेतलं दाखल-खारीज रजिस्टरच की हे!

मी विचारलं, "आणि चिप नसतानाच नाव लिहिलं तर?" तो म्हणाला, "तरी नाव चढतं. फक्त ड्रायव्हरने हाक मारली की उत्तर येत नाही." मला २०११ च्या ऑक्टोबरातली पटपडताळणी आठवली. असो.

मग मी मागचा इतिहास शोधत बसलो. उपकरणालाही फाइलसारखं वागवायचं ही युनिक्सची फार जुनी खोड. १९८४ मध्ये बेल लॅब्जच्या टॉम किलियन यांनी एक पाऊल पुढे टाकलं. चालू असलेले प्रोग्रॅमच फाइलींच्या रूपात दाखवले, 'प्रॉक' नावाच्या फोल्डरात. लिनक्सने ते उचललं, पण पुढे ज्याला जे सुचेल ते तो त्यात टाकू लागला, आणि त्याचा घरातला माळा झाला. तेव्हा पॅट्रिक मोशेल यांनी उपकरणांसाठी वेगळी मांडणी केली. तीच 'सिसएफएस', डिसेंबर २००३ च्या २.६ आवृत्तीतून सर्वांपर्यंत आली. एका फाइलीत शक्यतो एकच गोष्ट, असा तिचा शिरस्ता. २००५ मध्ये ड्रायव्हर आणि उपकरण यांना हाताने जोडण्या-सोडवण्याच्या फाइली आल्या, आणि २००९ मध्ये, २.६.३१ आवृत्तीत, ही आमची 'न्यू डिव्हाइस'. त्याआधी अशी चिप ओळखवायची तर बऱ्याचदा कर्नेलच्या कोडमध्येच हात घालावा लागे. आणखी मागे, जुन्या कार्डांच्या काळात, मेकॅनिक पेटी उघडून चिमट्याने बारीक जंपर इकडचे तिकडे करायचा, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

शोधता शोधता एक आपलं नाव सापडलं. कर्नेलमधल्या चुका पकडणाऱ्या केजीडीबी या साधनाच्या कोडवर अमित काळे यांची २००३-०४ ची हक्कनोंद आहे, आणि लिनसिससॉफ्ट या पुण्याच्या कंपनीचंही नाव. ते साधन २००८ मध्ये मूळ कर्नेलमध्ये गेलं. त्याने कुठल्या पोर्टावरून बोलायचं, तेही 'सिस'मधल्या एका फाइलीत लिहून सांगता येतं. उगाच ऊर भरून आला.

आता राहिलेली गोष्ट. चिप बसली, ओळ लिहिली, नातू परत गेला. दोन आठवड्यांनी लाइन गेली आणि घंटा पुन्हा चुकली! चिपमध्ये वेळ अगदी बरोबर होती, पण तिला विचारणारंच कुणी नव्हतं. मी फोनवर त्याला म्हटलं, "अरे, तू रजिस्टरमध्ये लिहिलं होतंस ना?" तेव्हा तो ओशाळून म्हणाला, "आबा, ती फाइल डिस्कवर नसतेच. कर्नेल ती स्मरणात उभी करतो. यंत्र बंद पडलं की सगळा पट कोरा."

मी चाळीस वर्षं रजिस्टरं लिहिली. तलाठ्याकडचा सातबाराही पुष्कळ वेळा काढला. लिहिलेलं टिकतं, ही माझी समजूत. सातबारावर फेरफार झाला तरी शेत जागचं हलत नाही, नोंद मात्र राहते. इथे उलटं. लिहिल्याबरोबर खरोखरीचं घड्याळ जागं होतं, आणि नोंद दिवा गेला की पुसते. म्हणजे ती फाइल कागद नव्हेच, वर्गात मारलेली हाक आहे. हाक रोज मारावी लागते.

मग नातवाने फोनवरून एकेक अक्षर सांगितलं आणि मी, चष्मा सावरत, टाइप केलं. यंत्र सुरू होताना ती ओळ आपोआप लिहिली जावी आणि लगेच चिपकडून वेळ घ्यावी, अशी सोय. दोनदा स्पेलिंग चुकलं. तिसऱ्यांदा जमलं. खात्री म्हणून मी स्वतः प्लग काढला, अर्धा तास बाहेर निंबाखाली बसलो, आणि परत लावला. वेळ बरोबर.

परवा चांगली तीन तास लाइन नव्हती. शेवटची घंटा मिनिटावर झाली. त्या पाच जणी एसटीच्या खिडकीतून हात करत गेल्या. शाळेच्या शिपायाने मात्र रूळाचा तुकडा अजून उतरवलेला नाही. मीही त्याला काही म्हटलं नाही.