४ जुलैचा करार

फर्नांडो अलोन्सोने अल्पीन संघ सोडला, त्याची हकिगत फॉर्म्युला वनच्या चाहत्यांना आता तोंडपाठ आहे. सेबास्टियन फेटेलने निवृत्ती जाहीर केली, त्याच्या रिकाम्या जागेवर अलोन्सो गेला, अलोन्सोच्या जागी यायचा तो ऑस्कर पियास्त्री अल्पीनच्या हातातून निसटून मॅक्लारेनकडे गेला, त्यापायी डॅनियल रिकार्डो बेघर झाला, अल्पीनला पिएर गास्ली आणावा लागला आणि गास्लीच्या गाडीत निक डी व्रीस बसला. एकाच्या निवृत्तीने पाच जण जागचे हलले. सांगायला सोपी, ऐकायला रंगतदार. पण तिच्यातला मधला दुवा कागदांशी जुळत नाही, आणि तो काढला तर गोष्टीचा अर्थच बदलतो.

आधी कागद कोणते ते पाहू. संघांची प्रसिद्धिपत्रके, ड्रायव्हरांनी समाजमाध्यमांवर टाकलेली निवेदने, अल्पीनचे तेव्हाचे प्रमुख ओटमार साफनाउअर आणि पियास्त्री यांनी नाव देऊन केलेली विधाने, आणि ‘काँट्रॅक्ट रेकग्निशन बोर्ड’ म्हणजे करारमान्यता मंडळाने २ सप्टेंबर २०२२ रोजी जाहीर केलेला निर्णय. मंडळाचे सविस्तर निकालपत्र गोपनीय असते. या प्रकरणातले मात्र वार्ताहरांच्या हाती पडले आणि त्यातले बरेच छापून आले. या सगळ्यांत वजन सारखे नाही. प्रसिद्धिपत्रक संघाची इच्छा सांगते. करार दोन्ही बाजूंनी काय कबूल केले ते सांगतो. ऑगस्टभर जी चर्चा झाली ती जवळजवळ सगळी पहिल्या प्रकारच्या कागदांवर उभी होती.

आता बातम्या ज्या क्रमाने आल्या, तो क्रम.

२८ जुलै, गुरुवार. हंगेरीच्या शर्यतीआधी फेटेलने इन्स्टाग्रामवर खाते उघडून मोसमाअखेर निवृत्त होत असल्याचे सांगितले. चार वेळचा विश्वविजेता, आयुष्यभर समाजमाध्यमांपासून चार हात लांब राहिलेला. त्याने खाते उघडले म्हणताच जाणत्यांनी ओळखले होते. ३१ जुलैला बुडापेस्टजवळ शर्यत झाली. १ ऑगस्टला सोमवारी सकाळी ॲस्टन मार्टिनचे पत्रक आले, की अलोन्सोशी अनेक वर्षांचा करार झाला असून तो २०२३ पासून आमच्याकडे. पत्रकात संघमालक लॉरेन्स स्ट्रोल यांचे मनोगत होते आणि अलोन्सोचेही.

साफनाउअर यांनी दुसऱ्या दिवशी पत्रकारांना सांगितले, की ही बातमी खात्रीलायकरीत्या आपल्याला कळली ती याच पत्रकातून. रविवारी संध्याकाळी त्यांनी अलोन्सोला विचारले होते, तेव्हा काहीही सही केलेले नाही असे उत्तर मिळाले होते. यात आणखी एक मौज अशी, की साफनाउअर त्याच वर्षीच्या जानेवारीपर्यंत ॲस्टन मार्टिनचेच प्रमुख होते. तिथून ते अल्पीनला आले आणि सहाच महिन्यांत जुन्या मालकाने त्यांचा सर्वांत मोठा ड्रायव्हर नेला.

अलोन्सो का गेला यावर फारसा वाद नाही, कारण साफनाउअर यांनीच ते उघड केले. २९ जुलैला एक्केचाळीस वर्षांचा झालेल्या माणसाला अल्पीन एक वर्ष देऊ करत होते. पुढच्या वर्षाची मुभा कामगिरी पाहून. अलोन्सोला कामगिरीच्या अटीविना निश्चिती हवी होती. २००५ आणि २००६ ची दोन्ही विजेतेपदे त्याने याच कारखान्याच्या गाडीत मिळवली होती. तेव्हा संघाचे नाव रेनो होते आणि कारखाना तोच, इंग्लंडमधल्या एन्स्टनचा. अशा माणसाला दरवर्षी परीक्षेला बसा म्हणणे हिशेबाने बरोबर असेल, पण समोर कोणी विनापरीक्षा दोन-तीन वर्षे देत असेल तर तो कशाला थांबेल?

अल्पीनचा हिशेबही वेडेपणाचा नव्हता. एस्टेबान ओकॉनशी त्यांचा २०२४ अखेरपर्यंतचा करार होता, म्हणजे मोकळी जागा एकच. आणि पियास्त्री त्यांच्याच प्रबोधिनीतला, २०२० मध्ये फॉर्म्युला थ्री आणि २०२१ मध्ये फॉर्म्युला टू, दोन्ही पहिल्याच प्रयत्नात जिंकलेला. तो राखीव ड्रायव्हर म्हणून बसून होता. म्हातारा गेला तर तरुण तयार आहे, या भरवशावर अल्पीनने अलोन्सोशी घासाघीस केली.

तो भरवसा २ ऑगस्टला संध्याकाळी फुटला. त्या दिवशी अल्पीनने पत्रक काढले, की २०२३ मध्ये पियास्त्री आमच्यासाठी शर्यती चालवेल. हे पत्रक आज पुन्हा वाचताना पहिली गोष्ट खटकते ती अशी, की त्यात साफनाउअर बोलतात, पियास्त्रीचा एक शब्द नाही. ॲस्टन मार्टिनच्या आदल्या दिवशीच्या पत्रकाशेजारी ठेवून पाहा. कोणताही संघ नव्या ड्रायव्हरची घोषणा त्याच्या तोंडच्या दोन गोड वाक्यांशिवाय करत नाही. दुसऱ्या पक्षाचा आवाज नसलेला कागद एकतर्फी मानावा, हा दप्तरखान्यातला साधा नियम इथे लावला असता तर बातमी छापणारे जरा थबकले असते. त्याच संध्याकाळी पियास्त्रीने ट्विटरवर लिहिले: माझ्या संमतीशिवाय हे पत्रक निघाले आहे, ते चूक आहे, २०२३ साठी मी अल्पीनशी कोणताही करार केलेला नाही आणि पुढच्या वर्षी मी अल्पीनसाठी गाडी चालवणार नाही.

एकवीस वर्षांच्या, फॉर्म्युला वनची एकही शर्यत न खेळलेल्या मुलाने कारखानदार संघाला असे जाहीर उत्तर द्यावे, याचे सगळ्यांना नवल वाटले. पण ही भाषा तीन आठवड्यांपूर्वीच एकदा वापरून झाली होती. १२ जुलैला अमेरिकेत इंडीकारमधल्या चिप गनासी संघाने ॲलेक्स पालूला पुढच्या मोसमासाठी कायम केल्याचे पत्रक काढले होते, आणि पालूनेही आपल्या संमतीशिवाय ते निघाल्याचे जाहीरपणे लिहिले होते. त्याच दिवशी त्याला आपला म्हणून घोषित करणारा दुसरा संघ कोण? मॅक्लारेन. एका महिन्यात दोन ड्रायव्हरांनी स्वतःबद्दलचे पत्रक खोडून काढावे आणि दोन्हीकडे लाभार्थी एकच असावा, यातून जो तो आपापले अनुमान काढू शकतो.

इथून तर्कांना पूर आला. सर्वांत टिकलेला तर्क ३१ जुलैचा. अल्पीनला पियास्त्रीवरचा हक्क ३१ जुलैपर्यंतच बजावता येत होता, म्हणून अलोन्सोने मुद्दाम १ ऑगस्टपर्यंत तोंड मिटून ठेवले आणि जुन्या संघाला दोन्हीकडून कोंडीत पकडले, असा तो तर्क. अलोन्सोच्या स्वभावाची ख्याती पाहता लोकांना तो लगेच पटला. बखरीत अशा गोष्टी फार असतात: सगळे काही एका धूर्त माणसाच्या मनात आधीच ठरलेले असते.

२९ ऑगस्टला मंडळापुढे सुनावणी झाली आणि २ सप्टेंबरला, डच शर्यतीच्या शुक्रवारी, एकमताचा निर्णय जाहीर झाला. मान्यता फक्त एकाच कराराला, मॅक्लारेन रेसिंग आणि पियास्त्री यांच्यातल्या, आणि त्याची तारीख ४ जुलै २०२२. २०२३ आणि २०२४ हे दोन्ही मोसम तो मॅक्लारेनसाठी चालवू शकतो.

४ जुलै. सिल्व्हरस्टोनच्या ब्रिटिश शर्यतीनंतरचा सोमवार. फेटेलच्या निवृत्तीच्या चोवीस दिवस आधी. या एका तारखेने ३१ जुलैचा तर्क निकालात निघतो, आणि सुरुवातीला सांगितलेली साखळीही तुटते. पियास्त्री अलोन्सोमुळे गेला नाही. अलोन्सो अजून अल्पीनशी बोलणी करत होता, फेटेलची जागा रिकामी व्हायची होती, तेव्हाच अल्पीनचा ‘तयार’ ड्रायव्हर दुसऱ्याचा झालेला होता. म्हणजे जुलैच्या शेवटी अल्पीन अलोन्सोशी ताणून धरत होते ते, हातात नसलेल्या पत्त्याच्या जोरावर.

मग पियास्त्रीने नोव्हेंबरमध्ये सही केली आहे असे साफनाउअर पुन्हा पुन्हा कशाच्या आधारावर म्हणत होते? तो कागद होता. १५ नोव्हेंबर २०२१ चा, अटींचा मसुदा. दुसऱ्या दिवशी पियास्त्रीला राखीव ड्रायव्हर म्हणून जाहीर करण्यात आले. कागदाच्या माथ्यावर तो कायद्याने बांधील असल्याचेही लिहिले होते. पण त्यावरून रीतसर करार तयार करून सह्या व्हायच्या होत्या, आणि ते काम अल्पीनकडून महिनोन्‌महिने रेंगाळले. निकालपत्रातला जो भाग छापून आला त्यात संघाच्या विधी विभागावरच्या कामाच्या ओझ्याचाही उल्लेख आहे. इसारपावती घेऊन ठेवली, खरेदीखत करायला कोणी गेलेच नाही, आणि घरात राहायला जायच्या दिवशी कळले की मालकाने ते दुसऱ्याला नोंदवून दिले. ही चूक धूर्तपणापुढे झालेली नाही, ती कचेरीतल्या ढिलाईची आहे, आणि म्हणूनच बहुधा ती सांगायला कोणाला फारशी रंगत वाटत नाही.

२ ऑगस्टच्या प्रसंगाची दुसरी बाजू निर्णयानंतर पियास्त्रीने सांगितली. तो एन्स्टनमध्ये सिम्युलेटरवर काम करत असताना साफनाउअर तिथे आले आणि इतर कर्मचाऱ्यांसमोर त्याला ही बातमी सांगितली. साफनाउअर यांच्या सांगण्याप्रमाणे तो हसला आणि त्याने आभार मानले. पियास्त्रीच्या म्हणण्याप्रमाणे, ज्यांना काहीच ठाऊक नव्हते त्या लोकांसमोर त्याला तमाशा करायचा नव्हता. एकांतात त्याने आपली भूमिका स्पष्ट सांगितली, तरी पत्रक निघाले. दोन्ही साक्षी एकमेकींना खोडत नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. चारचौघांत साहेबांपुढे हसणे म्हणजे संमती नव्हे, हे नोकरी केलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

ज्या करारमान्यता मंडळाने हा निवाडा केला, त्याचा जन्मही अशाच ओढाताणीतून झाला. १९९१ मध्ये मायकल शूमाकरने स्पा येथे जॉर्डन संघाकडून पहिली शर्यत खेळली, सातव्या क्रमांकावरून सुरुवात करून पहिल्याच फेरीत क्लच गेल्याने बाहेर पडला, आणि पुढच्या मोंझाच्या शर्यतीला तो बेनेटनच्या गाडीत होता. एडी जॉर्डन न्यायालयात गेले आणि हरले. त्यानंतर करारांची नोंद आणि वादांचा निवाडा जिनिव्हात करण्याची पद्धत आली. २००४ मध्ये जेन्सन बटन विल्यम्सकडे जायला निघाला होता, त्याला याच मंडळाने बीएआर संघात राहायला लावले.

४ जुलैच्या तारखेने सर्वांत जास्त उघडे पाडले ते मात्र अल्पीनला नव्हे. १३ जुलैला रिकार्डोने इन्स्टाग्रामवर लिहिले होते, की पुढच्या वर्षाअखेरपर्यंत आपण मॅक्लारेनशी बांधील आहोत आणि खेळ सोडून कुठेही जात नाही. त्याचा करार खरोखरच २०२३ पर्यंतचा होता. त्याच्या निवेदनात खोटे काही नाही. फक्त ते लिहिले गेले तेव्हा त्याच्याच संघाने नऊ दिवसांपूर्वी पियास्त्रीशी करार केलेला होता. २४ ऑगस्टला मॅक्लारेनने मोसमाअखेर त्याच्याशी फारकत जाहीर केली. ऑगस्टच्या गदारोळात या घोषणेला ‘साखळीतला पुढचा धक्का’ म्हटले गेले. कागद सांगतात की तो पहिला होता.

अल्पीनच्या रिकाम्या जागेसाठी सप्टेंबरभर नावे उधळली गेली. त्यांतली कागदाने सिद्ध होणारी थोडीच. संघाने जुन्या गाडीत हंगेरीच्या त्याच ट्रॅकवर डी व्रीस, अंतोनियो जोव्हिनात्सी आणि आपल्या प्रबोधिनीतला जॅक डूहान यांची चाचणी घेतली. गास्ली हवा होता, पण रेड बुलच्याच मालकीच्या अल्फाटौरी संघाने जूनमध्येच त्याला २०२३ साठी कायम केले होते. त्याला सोडायचे तर रेड बुलला बदली हवा होता. त्यांचा डोळा अमेरिकेच्या कोल्टन हर्टावर होता आणि हर्टाकडे फॉर्म्युला वनच्या सुपर परवान्यासाठी लागणाऱ्या ४० गुणांपैकी ३२ च होते. सूट मिळाली नाही. दरम्यान मोंझात ॲलेक्स आल्बनला अपेंडिक्सचा त्रास झाला, डी व्रीसला ऐनवेळी विल्यम्समध्ये बसवले, त्याने नववा क्रमांक काढला, आणि अडलेली गाठ सुटली. ८ ऑक्टोबरला जपानच्या शर्यतीच्या शनिवारी गास्ली अल्पीनला आणि डी व्रीस अल्फाटौरीला, अशा दोन्ही घोषणा एका दिवशी आल्या. इथे साखळी खरी आहे.

२०२२ च्या तक्त्यात अल्पीन १७३ गुणांनी चौथे आले, मॅक्लारेन १५९ गुणांनी पाचवे. पुढच्या वर्षी मॅक्लारेन चौथे, अल्पीन सहावे. डी व्रीसला जुलै २०२३ मध्ये काढले आणि त्याच्या जागी रिकार्डो आला. त्याच महिन्यात अल्पीनचे मुख्य कार्यकारी अधिकारी लॉराँ रॉसी यांना पदावरून हलवले आणि आठवड्याभरात साफनाउअर यांनाही निरोप दिला गेला. मोसमाअखेर ओकॉन आणि गास्ली या दोघांचे मिळून अल्पीनच्या खात्यात १२० गुण होते. एकट्या अलोन्सोचे २०६.